आलं का?

मार्च लागला की आमच्या अंगणात कूलर येतात.
गंजलेले, कोळ्यांसकट, कुणाच्या तरी गच्चीवरून उतरवलेले,
पाठीवर खडूनं नाव: झाडे. भोयर. लांजेवार मॅडम, पंप खराब.
बाबा जुनं गवत ओढून काढतात,
नऊ महिन्यांची धूळ उडते,
आणि त्या धुळीत उभी राहून मी मोबाईल बघते.

एका अर्जाची फी म्हणजे बावीस कूलरांचं गवत.
मी पाच अर्ज केले.
हा हिशेब माझा. बाबांनी केला नाही,
किंवा केला असेल, खडूनं कुठे लिहिला नाही.

तिकडचं ऑफिस आपल्या संध्याकाळी साडेसहाला उघडतं.
म्हणून दिवसा मी बरी असते.
डिपार्टमेंटला जाते, दगडाचे पातळ छेद घासते,
सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेजचे पट्टे मोजते,
पोह्यांवर तर्री जास्तीची मागते.
साडेसहा वाजले की पोटात कुणीतरी
पाणी न भरताच पंप सुरू करतं.

आई आतून विचारते, "आलं का वं?"
"नाही."
"अवं, चहात टाकाचं आलं. आणलं का?"
त्या दिवशी दोघी खूप हसलो.
आता ती खरंच ते विचारते,
आणि मी म्हणते, फ्रिजमध्ये आहे.

पांढरीपांडे सर म्हणाले,
भूशास्त्राच्या माणसाला घाई शोभत नाही.
सीताबर्डीची टेकडी बघ, लाव्हा निवून
साडेसहा कोटी वर्षं झाली.
बघितली.
टेकडीला ईमेल येत नाही, सर.

अश्लेषाला आलं. बुधवारी.
मला शनिवारी कळलं, तिच्या भावाकडून,
गोकुळपेठेत, तो संत्री दाबून बघत होता.
तुला सांगितलं नाही तिनं?
तीन दिवस ती माझ्याशी बोलत होती,
केस कापू का, उन्हाळी चपला कुठे घ्यायच्या,
एवढी मोठी गोष्ट गालात धरून.
राग यायला हवा होता.
मी घरी येऊन आरशात "अभिनंदन" म्हणून बघितलं.
तिसऱ्यांदा जरा जमलं.

दोन नकार मी घरी सांगितलेच नाहीत.
दोन्ही पत्रं सारखीच सभ्य,
यंदाचे अर्जदार असाधारण होते म्हणे, दोन्हीकडचे.
चव्वेचाळीस कूलर.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिसरं आलं.
हो नाही. नाहीही नाही.
प्रतीक्षा यादी.

बाबा मागच्या खिडकीशी, बल्ब लावून,
आमचा कूलर भरत होते. घरचा नेहमी शेवटी.
मी सांगितलं.
"वेटिंग," ते म्हणाले, आणि चेहरा उजळला,
हे त्यांना कळतं.
"कितवा नंबर?"
"नंबर नाही सांगत, बाबा."
"नंबरच नाही सांगत?" गवताची मूठ हातातच राहिली.
"यापरीस आपली रेल्वे बरी. चार्ट कधी बनते?"
"पंधरा एप्रिलला."
त्यांनी बोटांवर मोजलं.
"कन्फर्मवाले कॅन्सल करते न लोकं. लै करते.
दक्षिण एक्स्प्रेसले आपली अठ्ठेचाळीस होती,
गाडी सुटाच्या चार तास आधी क्लिअर झाली का नाही?"
झाली होती.
मी तेव्हा सात वर्षांची होते, पूर्ण वेळ रडत होते.

"धर इकडून."
मी जाळी धरली. ते तार आवळत गेले.
तळहाताला गंज लागला,
मोबाईल आत चार्जिंगला होता, मी पुसला नाही.
बाबांनी बादलीनं टाकी भरली, बटण दाबलं,
पंप आधी खोकला, मग गवत वरून
काळं होत होत खाली आलं.
ओल्या लाकडाचा वास.
नव्या गवताची पहिली रात्र, जरा जास्तच गार.

आतून आई झोपेतच म्हणाली,
"काय आलं वं?"
"हवा," बाबा म्हणाले.