बाकी

मार्व्याच्या खाडीकडचा बंगला.
तबेल्यात कॅफे होणार आहे,
विहिरीवर जाळी, आमराईत लग्नांसाठी हिरवळ.
माझ्या वाट्याला दिवाणखान्याची उत्तर भिंत.

चुना चौदा दिवस भिजलाय,
गूळ, हिरड्याचं पाणी, उडदाचं पीठ.
फिलोमिना म्हणते,
भिंत आहे का बाळंतीण?

रंगाचे नऊ थर खरवडले.
पिस्ता, गुलाबी, मग एक कसलासा निळा
ज्याचं नाव कुणालाच येईना.
त्याखाली, माझ्या खांद्याच्या उंचीवर,
पेन्सिलीनं:
धाकू. सात रोज. बाकी साडेतीन आणे.

आर्किटेक्ट बाई हरखल्या.
काच लावू, वरून दिवा सोडू.
आर्देशीर शेठ चष्मा पुसून दोनदा वाचून गेले,
काही बोलले नाहीत.

मी थापी फिरवत राहिलो
कडेकडेनं, अक्षरांना धक्का न लावता.
आमचा तिसरा हप्ता दिवाळीपासून अडकलाय.

संध्याकाळी हात धुताना फिलोमिनानं विचारलं,
मिळाले असतील का रे त्याला?

खिशात पेन्सिल होती.
पण ओला गिलावा पेन्सिल धरत नाही,
उद्या दुपारपर्यंत
थांबावं लागेल.