निळं व्हायला

पद्मल, तू म्हणालीस, पळून जायचं तर बर्फाच्या पोटात.
शिरोलीच्या बर्फ कारखान्यात, हिशेबाच्या वहीच्या
मागल्या पानावर तुझी यादी आधीच तयार:
जाड कोट दोन, बुटांना लावायचे काटे,
साक्षीदार तीन, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

मोबाइलवर ती गुहा.
छत निळं, भिंती निळ्या,
आत उभी कुणीतरी दोन माणसं, तीपण निळी,
रंकाळ्यात जास्त वेळ डुंबलेल्या पोरांच्या ओठांसारखी.
"हिवाळ्यातच जायला लागतंय," तू म्हणालीस,
"उन्हाळ्यात आतनं पाणी सुटतं, छत येतं खाली."
मी म्हणालो, आमच्यात तर बाराही महिने येतं,
नुसती जात विचारली की.

मी भट्टीवरचा माणूस.
लालभडक लोखंड पाण्यागत ओततो साच्यात,
भुवया दोनदा जळाल्यात.
घरी गेलो की आई म्हणते, लांब बस, धग लागती.
आणि तू दिवसभर अमोनियाच्या वासात,
मे महिन्यातही स्वेटर घालून.
आपण कोमट होतो ते फक्त तावडे हॉटेलपाशी,
एकेक बस चुकवत.

तिकीट, व्हिसा: चार वर्षांचा पगार, भिशीसकट.
पायताण तिथं टिकायचं नाही, कातडं काचेगत तडकंल,
तरी एक नवा जोड घ्यायचाच, लग्न आहे.
जोडवी हुपरीतनं.
पण चांदी म्हणे त्या थंडीत बोटाला चिकटते,
काढायला गेलं की कातडी घेऊन येते.
"मग काढायचीच कशाला?"
थर्मासमधनं पांढरा रस्सा, असं मी लिहिलं,
मग तुमच्या चौगुल्यांचं स्वयंपाकघर आठवून खोडलं.
तू परत लिहिलंस, माझ्यापेक्षा ठळक.

सराव म्हणून पौषात पहाटे पाचला
पंचगंगेच्या घाटावर बसलो, पाय पाण्यात सोडून.
पलीकडनं गुऱ्हाळाचा गोड धूर,
पुलावरनं उसाच्या ट्रॉल्या, त्यांची ती कर्णकर्कश गाणी.
सातव्या मिनिटाला मी पाय काढले.
तू काढले नाहीस. तुझे दात वाजत होते
आणि तू मला हसत होतीस.

खरं तर इतक्या लांब जायची हौस कुणाला होती?
लग्नाची नोटीस महिनाभर फळ्यावर लागते,
आणि त्या कचेरीत तुझा काका
दस्ताच्या कामाला आठवड्यातनं दोनदा,
फळा वाचल्याशिवाय चहा घेत नाही.
बर्फाच्या गुहेला फळा नसतो.

काल रात्रपाळीला तू मला आत नेलंस.
इलाहीनं क्रेननं डबा उचलला, पाण्यात बुडवला,
लादी सुळकन बाहेर.
कडा आरपार, आणि मधोमध पांढरं,
कुणी आत फुंकर मारून दार लावल्यासारखं.
"हवा असते ती," तू म्हणालीस. "थंडी बाहेरनं आत येते,
हवा आत आत सरकत जाते,
शेवटी मधे कोंडते. मधलं पाणी सगळ्यात उशिरा गोठतं."
आणि ती गुहा? ती का निळी?
"तिथं वरनं ओझं पडत राहतं. वर्षानुवर्षं.
हवा पिळून जाते. मग निळं."

मी काही बोललो नाही.
तळवा लादीवर ठेवला, उचलला,
बर्फात माझा पंजा उतरला होता, भट्टीचा.
तू हातमोजा काढून
त्यात तुझा हात बसवून बघितलास.
बोटं पुरली नाहीत.

मग वही उघडलीस. गुहा खोडली नाहीस.
साक्षीदारांपुढचं प्रश्नचिन्ह तेवढं काढलंस:
इलाही. माझी मावशी.
तिसरी ओळ कोरी.

तीस दिवस, मी म्हणालो.
लादी उन्हात तासभर राहत नाही, पद्मल.
"झाकली तर राहते की,"
आणि कोपऱ्याकडं बोट केलंस:
"भुसा हाय आपल्याकडं. पोतंभर."