मागच्या बारा महिन्यांत

लोक विचारतात, तुम्ही नर्स का?
मी म्हणते, जवळपास.
विमा कंपनीसाठी घरोघर जाते,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडते
वजनकाटा, टेप, रक्ताच्या दोन नळ्या, झाकणाचा एक कप,
आणि बत्तीस प्रश्न वाचते.
उत्तरं ऐकू येतील तशी लिहिते.
मत विचारत नाहीत. मतासाठी फॉर्मवर जागाच नाही.

टू हार्बर्स, फेब्रुवारी, उणे बावीस.
सुपीरियर सरोवर कडेनं गोठलेलं,
खनिजाच्या धक्क्याला एकही जहाज नाही.
टोइवो राउतिओ, वय त्रेपन्न, धक्क्यावरचा कामगार.
दोन लाख डॉलर, त्याच्या पश्चात, बायकोला.

पुढचं दार बर्फानं बंद, म्हणून मागच्या दारानं आत आले.
पायरीशी कॉफीचा जुना डबा, त्यात वाळू.
वाळूत काही नव्हतं.
इतकं काहीच नव्हतं
की कुणीतरी ती सकाळीच चाळली असावी.

उंची. वजन. वडील कशानं गेले?
छातीनं.
कितव्या वर्षी?
एकसष्ठाव्या. हे सांगताना त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.
टेबलापलीकडे आर्डिस
वेलची घातलेल्या पावाचे काप करत होती.

प्रश्न एकोणिसावा:
मागच्या बारा महिन्यांत आपण धूम्रपान अथवा
कोणत्याही स्वरूपात तंबाखूचे सेवन केले आहे काय?
"नाही."
सुरी थांबली नाही.
काप मात्र जाड पडला.

मी त्याला कप दिला. तो आत गेला. नळ सुरू झाला.
आर्डिस पावाशीच बोलावं तशी बोलली:
"मासे धरायला जातो म्हणे.
बर्फाला भोक पाडून झोपडीत बसतो, अंधार पडेपर्यंत.
अकरा हिवाळ्यांत आणलेले मासे
मी एका हाताच्या बोटांवर मोजीन.
हातमोजे मात्र मीच धुते.
होय लिहा."

मी म्हटलं, ते सांगतील तेवढंच मला लिहिता येतं.
"मीही अकरा वर्षं तेच करतेय," ती म्हणाली
आणि नळ बंद झाला.

कप आला. पट्टीवरचं तापमान बरोबर.
मी झाकण दाबलं, सील लावलं, सीलवर त्याची सही घेतली.
"यात दिसतं का?"
काय?
"म्हणजे, सगळं."
निकोटिनचं च्युइंगगम चघळलं तरी दिसतं, मी म्हटलं,
कंपनी त्यालाही ओढणाराच म्हणते.
हे मला पाठ आहे.
माझ्या डाव्या गालात त्या क्षणी एक होतं.

आमच्या कागदावर माणसं दोनच जातींची:
ओढणारी, न ओढणारी.
ओढ कशाची, कुठवर,
कितव्या वर्षी बापाच्या खिशातून पहिली उचलली,
यासाठी खाली रेघ आखलेली नाही.

फ्रीज घुमत राहिला.
मग टोइवोनं फॉर्म स्वतःकडे वळवला,
नाहीवरची खूण खोडली, होयवर केली,
इतकी जोरात की खालचा कागदही उमटला असेल.
खोडाखोड झाली की शेजारी आद्याक्षरं लागतात.
त्याची घेतली. माझी घातली.
तिची लागत नाहीत.

"हप्ता किती वाढेल?"
दुप्पट. कदाचित त्याहून थोडा वर.
तो खिडकीतून ताडपत्रीखालच्या होडीकडे बघत राहिला.
"होडी विकू या मग."
"होडी राहू दे," आर्डिस म्हणाली,
"झोपडी विक."

त्यानं वर पाहिलं.
एवढी वर्षं चाळलेली वाळू
त्या एका नजरेत घरभर सांडली असावी.
मग तो हसला, पोटातून, पोरासारखा,
आणि ते हसू अर्ध्यावरच खोकल्यात गेलं.

जाड काप तिनं त्याच्यासमोर सरकवला.
आम्ही तिघंही खोकला थांबायची वाट पाहिली.
मी विसावा प्रश्न वाचला.