एकास पंचवीस

शुक्रवारी बाजारात, कचराभाईच्या ताडपत्रीवर
कुकरच्या झाकणांखाली आडवा पडला होता.
पालिकेचा निळा रंग, दोनदा फासलेला, घाईत.
"दोढसो," कचराभाई म्हणाला,
आणि मी उचलून कानाशी हलवतेय म्हटल्यावर, "बस्सो."

एका अंगात दोन कप्पे: थोरल्यात पेट्रोल,
धाकट्यात साखळीचं तेल.
यांत्रिक करवतींबरोबर यायचे असे डबे, बोटीने.
करवती मेल्या, डबे उरले,
कुणी त्यात रॉकेल भरलं, कुणी गोमूत्र,
एकात तर लग्नातलं गुलाबपाणी होतं.
माझ्याकडे हा बारावा.
भावजय विचारते, यांचं करतेस तरी काय?
उघडून बघते, म्हणते मी.

पस्तीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत
पोरांनी फोडलेले ब्युरेट मोजले.
गंजाला मी भीत नाही.
आत मूठभर नट आणि वाळूचे खडे,
रडक्या पोरापुढे खुळखुळा हलवावा तसं हलवायचं,
मग लिंबाचं फूल, कोमट पाण्यात, रात्रभर.
सकाळी मोरीत चहाच्या रंगाचं पाणी.
झाकणाची कॉर्कची चकती नवी कापायची.
रंग मात्र नखानखाने.
घाई केली की खालचाही जातो.

निळ्याखाली हिरवा. हिरव्याखाली
कुंकवाच्या जुन्या डबीतला तांबडा,
आणि त्यातून एक शेपूट वर आली,
मग पाय, मग तुरा:
हॉल्मग्रेन कंपनीचा सुतारपक्षी, चोच अर्धी उडालेली.
मी ती रंगवली नाही. ज्याची चोच त्याने बघावं.
पायाशी आकडे: १:२५.

बुडाला खिळ्याने कोरलं होतं, तु. मा.
आणि रेघा. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार.
दोनशे बारा भरल्या.
झाडं, मी ठरवून टाकलं.
वडांच्या नावाच्या गावात दोनशे बारा झाडं!
दोन रात्री त्या माणसावर रागावून झोपले.

उद्यान खात्यातल्या एका पेन्शनर माळ्याला नाव आठवलं:
तुळाजी माने. मुलगी नवापुऱ्यात असते.
कौसल्याबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि पक्ष्याकडे न बघता डबा थेट उलटा केला.
"झाडं कुठली? हे लिटर आहेत.
साहेब चारचौघांत म्हणाला, माने पेट्रोल विकतो.
त्या दिवसापासून लिटरमागे एक रेघ.
पुन्हा कुणी विचारलं नाही हो.
तरी खिळा खिशात असायचाच,
जेवायला बसले की टोचायचा, मग काढून ताटाशेजारी."

मग झाकण उघडून त्यांनी नाक आत घातलं.
जरा वेळ गेला.
"हे काय, लिंबू?"
स्वच्छ केलाय, मी म्हटलं.
"हो, छान केलात."
एवढं हळू फुटलेलं काचेचं भांडं
मी पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.
"दादा घरी यायचे ना, तर आधी वास यायचा.
सायकल मागून."

पंपावरचा मुलगा अर्धा लिटर द्यायला कुरकुरला,
डबा पाहिला आणि म्हणाला, कोणत्या जमान्यातला, मासी?
तेल वीस मिली. मोजपात्र माझं,
हात अजून हलत नाही.
तेलाची खालची कड रेघेला टेकेपर्यंत श्वास धरला.

कौसल्याबाईंनी आधी शेगडी विझवली.
मग झाकण फिरवलं, वाकल्या,
आणि बराच वेळ सरळ झाल्या नाहीत.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सुट्ट्या वाचत राहिले.

शेवटी घट्ट बंद करून त्यांनी डबा मांडीवर पालथा घेतला.
नव्या चकतीतून थेंबही आला नाही,
माझंच लक्ष होतं तिकडे.
फळीवरच्या डबीतून खिळा निघाला.
"अर्धाच आहे ना?" त्यांनी विचारलं,
आणि दोनशे बाराव्या रेघेशेजारी
अर्धी रेघ ओढली.