उजवे

शटर मधोमध वाकलंय,
डब्याला कुणी ढोपर मारावं तसं.
त्याखालून मोनाप्पा आधी आत गेला, मग मी.
शहापूरचा खडेबाजार, सकाळचे सात,
कर्फ्यू दोन तास सैल:
दूध घ्या, औषध घ्या,
काय काय गेलं ते बघून या.

शोकेसची काच पायाखाली
साखरेसारखी वाजत होती.
भिंतीवर नुसते खिळे.
शाळेचे काळे, लग्नातल्या मोजड्या,
बायकांच्या सँडल, दिवाळीचा नवा माल
एकही नाही.

मोनाप्पा मागच्या खोलीत गेला
तो बराच वेळ बाहेर आला नाही.
वाटलं, रडूलालाय.
बघतो तर खोक्यांच्या ढिगावर बसून हसूलालाय.
"भरमा, गाढवांनी सगळे उजवे नेले की रे."

ही त्याच्या बापाची रीत.
बाहेर मांडायचा तो उजवा,
डावा खोक्यात, खोकं मागे.
एका पायाचं चोर काय करणार, म्हणायचा म्हातारा.
त्याच्या हिशेबात चोर एकटाच यायचा,
रात्री, आणि लाजत.

दोनशे चौदा डावे. मीच मोजले.
हवालदार कन्नडात लिहीत होता.
किती जोड गेले?
मोनाप्पा म्हणाला, जोड एकपण नाही.
पेन थांबलं. "अंद्रे?"
"सगळे अर्धे गेले, साहेब."
त्यानं ते कसं लिहिलं
मला वाचता आलं नाही.

कारण? कुणी म्हणालं पाटी,
कुणी म्हणालं झेंडा,
पानवाला म्हणाला, सुरुवात मोटरसायकलच्या धक्क्यानं.
आमच्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मधे पावलाचं चित्र.
दगड पावलाला लागलाय.

समोर जैबूनच्या दुकानातनं
एक बांगडी गेली नाही. सगळ्या फुटल्या.
ती सुपात काचा भरत होती,
हिरव्या वेगळ्या, लाल वेगळ्या, कशाला कुणास ठाऊक.
"न्यायच्या तरी होत्या," म्हणाली,
"कुणाच्या तरी हातात वाजल्या असत्या."
ईरव्वानं तिला फुलांच्या टोपलीतली ओली फडकी दिली
बोटाला बांधायला,
आणि त्या रात्री दार लावून घेतलं होतं
त्याबद्दल दोघी काही बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी एक बाई आली, वडगावची,
पदराला मागाचं सूत चिकटलेलं.
पिशवीतनं बूट काढला.
"रस्त्यात गावला. ह्याचा डावा मिळंल काय?"
पोरगं बाहेर, विजेच्या खांबाकडे बघत.
मी तोंड उघडणार होतो.
मोनाप्पा म्हणाला, "पाय बघू."

लाकडी मापावर पोराचं पाऊल ठेवलं,
गार लागलं तसं त्यानं बोटं आखडली.
"बूट सहाचा. पोरगं पाचाचं."
पाचाचा डावा आमच्याकडे होता,
पाचाचा उजवा शहरात कुठंतरी,
कुठल्या गल्लीत, कुठल्या माळ्यावर.
बाई उभीच राहिली.
मग मोनाप्पानं सहाचा डावा काढला,
दोन्ही बुटांत पेपराचे बोळे कोंबले,
कालचाच पेपर, आमच्याच बाजाराचा फोटो असलेला.
"पुढच्या वर्षी बोळे काढ."
पैसे? तिनं दिले थोडे.
त्यानं घेतले. मोजले नाहीत.

मला राग आला, अजून आहे.
रात्री वहीत लिहिलं, दोनशे तेरा.
मोनाप्पानं दिवा मालवताना विचारलं,
अजून कोण येतील काय रे?
मी म्हणालो, कुणास ठाऊक.

आमच्या घरी कॉटखाली
पुतण्याच्या ट्रंकेमागे
एक आठ नंबर आहे, तपकिरी.
झाडताना केरसुणीला लागला.
तळव्यावर किंमत चिकटवलेली,
अक्षर माझं.