मागे काय आहे

चेरीची दोनशे रोपं लावली होती आम्ही
क्लाइडच्या वरच्या उतारावर.
हिवाळा सरताना मोजली,
तर एकशे चाळीसांची साल
घोट्याच्या उंचीवर गोल सोललेली.
झाड उभंच असतं. नुसतं मेलेलं असतं.
रेवी म्हणाला, हेस्टरला विचार.

हेस्टर त्र्याहत्तर वर्षांची.
चाळीस वर्षं ससे मारण्याचा पगार घेतला तिने,
गुडघे त्यातच गेले.
तिने बंदूक माझ्या हाती दिली
आणि काडतुसं स्वतःच्या खिशात ठेवली.
तीन दिवस मी रिकाम्या नळीने
कुंपणाचे खांब मारत होते.
"दस्ता गालापाशी आण. मान नको वाकवू."
"श्वास अर्धा सोड, उरलेला सांभाळ."
"चाप ओढायचा नाही गं.
जर्दाळू पिकलंय का बघतेस ना, तसा दाबायचा."
आणि दर वेळी, जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं,
"ससा नंतर. आधी त्याच्या मागे काय आहे ते बघ."

मागे कधी खडक असायचा, गोळी उलटवणारा.
कधी नुसतं आभाळ.
कधी शेजाऱ्यांच्या मेंढ्या, लोकरीत बुडालेल्या, निवांत.
एकदा टपालाची लाल गाडी,
टेकडीच्या कडेवर मुंगीएवढी.
"मग?"
"मग नाही मारायचं."
त्या दिवशी तिने थर्मासमधला चहा
पहिल्यांदा मला आधी ओतला.

चौथ्या संध्याकाळी एक काडतूस मिळालं.
एकच.
आम्ही पालथ्या पडलो थाईमच्या झुडपांत,
कोपराखाली चुरडून स्वयंपाकघराचा वास येत होता.
साठ पावलांवर ससा.
कान उन्हात आरपार गुलाबी,
दुर्बिणीतून त्यातल्या शिरासुद्धा दिसत होत्या.
मागे मातीचा बांध, भरीव. सगळं शिकवल्याप्रमाणे.
सशाचं काळीज म्हणतात
ते तेव्हा माझ्या बरगड्यांत होतं.

तो पडला नाही. गर्रकन फिरला.
मागचे पाय गेले होते,
पुढच्या दोघांवर सगळं अंग ओढत निघाला.
हेस्टर काही बोलली नाही.
दुसरं काडतूस पुढे केलं,
रडणाऱ्याला रुमाल द्यावा तसं.
मी धावले.
त्या पन्नासेक पावलांत ससेहोलपट कोणाची झाली
ते मला अजून सांगता येत नाही.

"उचल," ती म्हणाली.
इतकं गरम असेल असं वाटलं नव्हतं.
तिने ते माझ्या हातातच उलटं केलं,
पोटावरून अंगठा फिरवला.
लव उपटलेली. आचळं भरलेली.
"तो नाही. ती."
आणि फावडं आणायला गाडीकडे गेली,
एकेक गुडघा समजावत.

बीळ शोधायला दीड तास लागला.
पिल्लांचं बीळ वेगळं असतं, हातभर खोल,
आई जाताना तोंड मातीने बुजवून जाते.
मी दोनदा त्याच्यावर पाय देऊन पुढे गेले होते.
आत तिच्याच पोटाची लव,
आणि लवेत पाच.
डोळे उघडायचे होते त्यांचे.
"न शोधता घरी जाणारे पुष्कळ आहेत," हेस्टर म्हणाली,
"नेम चांगला असतो त्यांचा."
मग जे करायचं ते तिने केलं.
मी मान वळवली नाही. माझ्याकडून तेवढंच झालं.

घरी रेवी पायरीवर बसून बूट उतरवत होता.
"किती?"
मी नळाखाली हात धरले. माती गेली,
थाईमचा वास जाईना.
"सहा."
"पहिल्याच दिवशी!" तो म्हणाला,
आणि आनंदाने किटली ठेवायला आत गेला.

उरलेली साठ झाडं फुलली होती,
पांढरी, एका रांगेत नसलेली, मधूनमधून.
मी त्यांच्याकडे बघत नव्हते.
त्यांच्या मागे, कुंपणापलीकडे,
उतारावर काहीतरी हलत होतं.
अंधार पडेपर्यंत मी तिकडे बघत उभी होते.