फार्गो

अठरा वर्षं शेडमध्ये
विटांवर उभी होती काकांची फार्गो.
उद्यमनगरात ओढत आणली तेव्हा
दस्तगीर मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलंच नाही.
हौद्यात वाकले, फटीत बोट घासलं,
जिभेला लावलं.
"गूळ. अजून हाय."

एअर क्लीनरमध्ये उंदरांचं बिऱ्हाड,
शाहूपुरीतल्या अडत्यांच्या पावत्या कुरतडून केलेलं.
पिस्टन जाम, आठ दिवस रॉकेल पीत बसलेले.
वॉटर पंपाची बॉडी कुठं मिळेना;
शेवटी पलीकडच्या फाउंड्रीत ओतून घेतली,
ती बिलाच्या आधी गरम गरम हातात आली.

रंग खरवडताना
निळ्याखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली, मागच्या फळीवर,
पिवळ्या वळणदार अक्षरांत
शालीनी.

आमच्या काकींचं नाव शेवंता.

मिस्त्री पॉलिश पेपर धरून थांबले.
"घासू?"
मला काही बोलता येईना.

काकी रिक्षानं आल्या.
चष्मा पदराला पुसला, वाचलं,
पुन्हा वाचलं.
तीस वर्षं शाळेत शिकवलेला आवाज:
"लि ऱ्हस्व पाहिजे. तेवढं नीट करून घ्या."

मग पायरीवर पाय देऊन
पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.
मिस्त्रींनी हँडल मारलं.